दुसरा फोटो

कोंडीरामांनी शेजारच्या माधवचा मोबाइल बंद करून त्याच्याच हातात परत दिला. नवा व्हिडिओ आला होता. आमदारांचं छोटं विमान म्हणे डोंगरावर आपटलंच नव्हतं, आधीच हवेत फुटलं होतं. कालच्या व्हिडिओत आमदार विमानात नव्हतेच. परवाच्यात पायलटने पैसे खाल्ले होते. तो पायलट म्हणजे कोंडीराम-कमळाबाईंचा प्रफुल्ल. अख्ख्या परळला अक्कल फुटली होती, आणि ज्या घरातला मुलगा गेला त्याच घरी ती पाजळायला माणसं जिना चढत होती.

घरी येणारे निदान मायेने बोलत. खाली नाक्यावर मात्र 'सवलतीतला पायलट, दुसरं काय होणार' असं कुणीतरी म्हणालं, आणि ते भाजी घेताना कमळाबाईंनी ऐकलं. त्यानंतर त्या खाली उतरल्या नव्हत्या.

संध्याकाळी आमदारांच्या पक्षाचा हितेंद्र आला. रविवारी मैदानात शोकसभा होती आणि पक्षाला हा घातपातच ठरवायचा होता. बॅनरवर आमदारांशेजारी प्रफुल्लचाही फोटो लावू, खाली 'शहीद' लिहू, म्हणाला. फक्त निघण्याआधी प्रफुल्ल घरी काही बोलला होता का, कुणावर संशय वगैरे, एवढं त्याला हवं होतं.

"काय नाय बोलला," कोंडीराम म्हणाले. "त्या दिवशी फोनच नाय केला त्याने."

"काका, आठवून बघा. नायतर सगळं पायलटवर ढकलतील."

"ढकलू दे. पोराच्या नावाने खोटं नाय बोलणार मी."

हितेंद्र उठला. तो चपला घालत असताना कमळाबाई ओट्यापासून पुढे आल्या.

"मला केलेला," त्या म्हणाल्या. "बोलला, आई, विमानाला कोणीतरी हात लावलाय. भीती वाटते."

प्रफुल्ल जन्मात कधी भीती वाटते म्हणाला नव्हता. त्या सकाळी नवरा-बायको दोघं इस्पितळाच्या रांगेत होते आणि कमळाबाईंचा फोन कोंडीरामांच्याच खिशात होता. त्यांना बायकोचा भयंकर राग आला. ती मात्र नजर न हलवता त्यांच्याकडेच बघत होती, आणि तो राग फार वेळ टिकला नाही.

"काका, खरं?" हितेंद्रने विचारलं.

कोंडीराम उठले. त्यांनी कपाट उघडलं.

"फोटो कुठला देऊ?" ते म्हणाले. "टोपी घातलेला चालेल?"