चुका मोजणारी कुंदा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर जळगावच्या बाजारात चला. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली आहेत. एका बाजूला डबे ठोकणारा पत्र्याचा कारागीर, दुसऱ्या बाजूला कापूस पिंजणारा, आणि मधे एक अरुंद दुकान. फळीवर झाकणं काढलेल्या बाजाच्या पेट्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाची पट्टी दाबली की वर येतच नाही. हे गनीचाचांचं दुकान. ते पेट्या दुरुस्त करत आणि उन्हं उतरली की तासभर एकाच मुलाला पेटी शिकवत.

तो तास दिवाळीपासून कुंदाचा होता. कुंदा दहा वर्षांची. आज मात्र ती शिकायला नव्हे, शिकणं बंद करायला आली होती.

झालं होतं असं. दिवाळीत ती घरी जाताना उड्या मारत जायची आणि वडिलांना सांगायची, "आप्पा, आज सगळं बरोबर आलं!" आता फाल्गुन लागला होता, आणि ती रोज तोंड पाडून घरी येई. इथे चुकलं, तिथे चुकलं, बोट घसरलं. शेवटी काल आप्पा म्हणाले, "अगं, पुढे जायचं सोडून तू मागेच चाललीस. रडत कशाला शिकायचं? उद्या चाचांना सांगून ये. पुष्पाबाईंची मुलगी त्या तासासाठी कधीची वाट बघतेय."

कुंदाला पेटी सोडायची नव्हती. पण आप्पा खोटं काय बोलले?

ती पायरी चढली, तर आत पाचोऱ्याकडचे चुडामण आबा बसलेले. भजनी मंडळाची पेटी न्यायला आले होते. गनीचाचांनी भाता हलवून सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवून दाखवल्या.

"बठ्ठा सूर बराबर शेतस," सगळे सूर जुळलेले ऐकून आबा खूश होऊन अहिराणीत म्हणाले. "बांध रे भाऊ, माले गाडी धरनी शे."

कुंदाचं तोंड मात्र आंबट झालं होतं. गनीचाचांनी ते पाहिलं.

"काय झालं, कुंदाबाई? चिंच खाल्ली?"

"काही नाही." मग ती हळूच म्हणाली, "वरचा नी… चढलाय थोडा."

आबा हसले. "ऐका! माले तीस वरीस व्हयनात भजन करता, आनि हाई पोर माले सूर शिकाडस!"

गनीचाचा हसले नाहीत. त्यांनी शेजारची ठोकाठोक थांबू दिली. मग तीच पट्टी त्यांनी दोनदा दाबली, खालच्या नीशी ताडून पाहिली, आणि झाकण पुन्हा उघडलं.

"आबा, पुढच्या गाडीनं जा. पोरगी खरं बोलतेय. त्या ठोकाठोकीत माझ्या कानातून सुटला."

त्यांनी त्या पट्टीखालची, सूर देणारी पितळी पत्ती बुडाशी पात्यानं अगदी किंचित खरवडली. सूर उतरून जागेवर आला. आबांनी पुन्हा ऐकला, कान चोळला आणि पेटी उचलून निघाले. "तुना कान शे का काय शे, पोरी!" पायरीवरून ते म्हणाले.

गनीचाचांनी हात पुसले. "दिवाळीत तू एक सरगम वाजवायचीस, त्यात किती चुका व्हायच्या, माहीत आहे?"

"तेव्हा नव्हत्या होत."

"दहा-बारा व्हायच्या. मी मोजायचो. आता किती होतात?"

"चार. कधी पाच."

"आणि त्या कोण मोजतं?"

"मीच," ती म्हणाली.

"मग? बेटी, तुझा कान पुढे निघून गेलाय. बोटं मागून येतायत. येतील." त्यांनी पात्याला तेल लावलं. "काही सांगायला आली होतीस ना तू?"

"आप्पांचा निरोप होता. तो मी परत घेऊन जाते."

कुंदानं फळीवरची एक दुरुस्त झालेली पेटी खाली ओढली, मांडी घातली आणि सरगम सुरू केली. तिसऱ्या ओळीत बोट घसरलं. ती थांबली. तेवढीच जागा तिनं पुन्हा वाजवली, पुन्हा चुकली, आणि तिसऱ्यांदा भाता ओढला.