कानापुढची नस

“घट्ट बांध गं पोरी, भिंग हललं की खडा हलतो.” बाबांचा हा आवाज ती पहिल्यांदा कामाच्या मेजाशी बसली तेव्हाचा. पट्टा कपाळाभोवती, भिंग डोळ्यांपुढे, आणि एवढुसा खडा कोंदणात निजवायचा, तान्ह्याला पाळण्यात निजवावं तसा. बाबा गेले, दुकान दादाचं झालं. खडे मात्र तीच बसवत राहिली.

आता त्याच कपाळाकडे आरशात बघवत नव्हतं. अर्धं डोकं भादरलेलं, कानावरून वर चढलेली लाल ओळ, तिच्यावर खपल्या, उशीला मलमाचा आंबूस वास. शी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “मेंदूकडे जाणारी गळ्यातली मोठी वाहिनी बंद पडलीय. म्हणून कानापुढची, कातडीखालची नस वळवून आत मेंदूच्या नसेला जोडलीय. आता डोळ्याचं रक्तही तिच्याच भरवशावर. तिच्यावर दाब नको. चष्म्याची काडीसुद्धा सैल हवी.” हलकेच बोट टेकलं की ती नस थुडथुड उडायची, जित्या झऱ्यासारखी. सगळ्या अंगात तिला तेवढीच एक जागा गोड वाटायची.

दुकानात पाऊल टाकलं तर दादा खडे निवडत होता. अंगठा जिभेला लावायचा, ओला अंगठा खड्यावर टेकवायचा, खडा उचलायचा. गिऱ्हाइकं तेच खडे गळ्यात मिरवायची.

“आली बाई आमची मशीन!” दादा म्हणाला. “हाराचं मधलं फूल तेवढं राहिलंय. तुझ्या हातचा मळ.”

“पट्टा नाही बांधता यायचा, दादा. डॉक्टरीणबाईंनी–”

“त्यांचं ऐकलं तर माणसाने टोपीसुद्धा घालू नये.”

हिशेबाला बसलेली वहिनी खुदकन हसली. “बस गं जरा. ह्यांनी तुझ्यासाठी कमी का खस्ता खाल्ल्या?”

आणि दादाने मागून पट्टा बांधलाच. ओला अंगठा खपल्यांवरून घसरला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पट्टा आवळला, बक्कल लागलं, खडा भिंगाखाली मोठा झाला. क्षणभर सगळं पूर्वीसारखं. मग कानापुढची थुडथुड मंदावली. थांबली. डाव्या डोळ्यावर वरून राखाडी पडदा उतरू लागला, आणि त्या राखेत खडा विझला.

तिने पट्टा ओरबाडून काढला. भिंग मेजावर आपटलं, खडे सांडले.

“अगं ए! वेड लागलं का?” दादा ओरडला आणि खडे वेचायला वाकला, अंगठा जिभेला लावत.

ती डोळे मिटून उभी राहिली. कानापुढे पुन्हा एक ठोका. मग दुसरा. हळूहळू पडदा वर गेला आणि पहिलं काय दिसलं, तर दादाची वाकलेली पाठ.

वहिनी उठून आली. “असं वागतात का भावाशी? सगळं हॉस्पिटल म्हणत होतं, भाऊ असावा तर असा. त्यांनी वेळेवर नेलं म्हणून डोळा राहिला तुझा.”

“वेळेवर?”

“गप्प बस तू,” दादा खालूनच म्हणाला.

“वहिनी, डोळ्यापुढे पडदा पडतो हे मी ह्याला गेल्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं. हा म्हणाला, हार पुरा होईपर्यंत घरात कुणाला बोलू नकोस.”