ब्रेक लागला नाही

दादा शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या खाटेपाशी त्याची बायको म्हणजे वहिनी, धाकटी बहीण आणि धाकटीचा नवरा उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, "पडलात कसे?" दादाने छताकडे बघत सांगितलं, "ब्रेक लागला नाही." आणि डोळे मिटून घेतले.

एवढंच वाक्य. पण त्याने घरात जी ठिणगी पडली ती बरेच दिवस धुमसत राहिली. कारण दादाची सायकल धाकटीच्या नवऱ्याच्या हाताखालून गेलेली होती. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्या डोंगराळ मुलखात सायकलचं चाक सरळ करावं तर त्यानेच, असा त्याचा लौकिक होता. दादा पाहुण्यांना घेऊन डोंगरात जायचा, मिस्त्री सायकली सांभाळायचा आणि धाकटी दोन्हीकडे असायची. पाहुण्यांची सोयही बघायची आणि सोप्या वाटेवर त्यांना स्वतः घेऊनही जायची. वाटा तीन होत्या. एक नदीकाठची, आरामाची. दुसरी धरणाला वळसा घालणारी. तिसरी म्हणजे वरचा घाट. कॉफीच्या मळ्यांतून सुरू होऊन बांबूच्या बनात शिरणारा, मग ढगांत हरवणारा, चढताना फुप्फुसं बाहेर काढणारा आणि उतरताना काळजाचं पाणी करणारा. लांबलांबचे लोक यायचे ते त्या घाटासाठीच. आणि घाटाचा उतार दादाइतका देखणा कुणी उतरत नसे.

तोच दादा ओळखीच्या वळणावर सरळ पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळला. खांद्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं, डोक्याला टाके पडले. नशीब, मागे पाहुणे नव्हते.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनीने धाकटीला कोपऱ्यात घेतलं.

"सायकल कुठे आहे?"

"हा घेऊन आलाय. दुकानात असेल."

"असेल की आहे?"

"आहे गं. असं का विचारतेस?"

वहिनी शाळेत शिकवायची. उत्तर चुकलं की ती ओरडत नसे, नुसती बघत राही. तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "पडायच्या आधी दोघांचं काय वाजलं होतं, माहितीये ना तुला?"

धाकटीला माहीत होतं. मिस्त्रीचं म्हणणं होतं, वरचा घाट या मोसमापुरता बंद ठेवू. धुकं फार आहे, रस्त्याला शेवाळ धरलंय. दादा म्हणाला होता, "तू पाने फिरव, घाटाचं मला सांगू नकोस." त्यावर मिस्त्रीने हातातलं फडकं आपटलं होतं. त्यानंतर दोघं कामापुरतं बोलत होते.

"म्हणून काय तो मुद्दाम..." धाकटीला वाक्य पुरं करवेना.

"मी काही म्हटलं का?" वहिनी म्हणाली. "मी फक्त सायकल कुठे आहे ते विचारलं."

घरी येताना धाकटीने स्वतःची समजूत घातली, की वहिनीवर आभाळ कोसळलंय, अशा वेळी माणूस काहीही बोलतो. पण घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दुकानात डोकावली. दुकान खाली, बिऱ्हाड वर. भिंतीवर सायकली ओळीने टांगलेल्या होत्या, दादाची त्यांत नव्हती. मागच्या खोलीला कुलूप होतं. त्या खोलीत जुने टायर आणि रिकामी खोकी असायची. तिला कधी कुणी कुलूप लावलेलं धाकटीला आठवत नव्हतं.

"दादाची सायकल बघू दे मला," जेवताना ती म्हणाली.

मिस्त्री ताटात बघत म्हणाला, "काय बघायचंय त्यात? मोडलीये."

"ब्रेकला काय झालं होतं?"

"तपासतोय."

"तपासायला एवढा वेळ? तू तर नुसतं ऐकून सांगतोस काय बिघडलंय ते."

तो उठून हात धुवायला गेला. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

संशयाचं असं असतं, एकदा घरात शिरला की तो घरातल्याच वस्तू वापरायला लागतो. मिस्त्री आधीपासूनच अबोल होता. आता तिला तो अबोलपणा मुद्दाम वाटायला लागला. तो दादाला भेटायला जाई तेव्हा वहिनी शाळेत असतानाच का जातो? दादाच्या खोलीचं दार लोटून का घेतो? फोन आला की गॅलरीत का जातो? बाजारात लोक उघड बोलत होते की मिस्त्रीचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्या कुणाला सायकलला हात लावू दिला नव्हता, ते गिऱ्हाईक खालच्या चौकातल्या नव्या दुकानात जाऊ लागले. मिस्त्रीने त्यावर चकार शब्द काढला नाही. ज्याची चूक नाही तो असा गप्प बसेल का, असं धाकटी स्वतःला विचारी. आणि ज्याची चूक आहे तो तरी असा शांत झोपेल का, हेही विचारी. कारण तो शांत झोपत होता.

पाहुण्यांना घेऊन निघायच्या आधी ती आता आपल्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून बघू लागली. आधी लपूनछपून, मग सवयीने. एकदा मान वर केली तर मिस्त्री दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तो तसाच आत गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दाबून बघितलेच.

पुढे दादाचं प्लास्टर निघालं, तो दवाखान्यात व्यायामाला जाऊ लागला, आणि त्याच सुमारास गाडीचं लक्षात आलं. पाहुण्यांचं सामान वाहायला त्यांची एक जुनी पिकअप होती. दर मंगळवारी दुपारी मिस्त्री "सुटे भाग आणतो" म्हणून ती घेऊन जाई आणि दिवेलागणीच्या आत परत येई. सुटे भाग शहरातून येत, शहराचा रस्ता डांबरी. गाडीची चाकं मात्र तांबड्या चिखलाने माखलेली असत. तसा तांबडा चिखल फक्त एका जागी होता: वरच्या घाटात, बांबूच्या बनापाशी, जिथे दरड कोसळून रस्ता उघडा पडला होता. तिथून पुलाचं वळण हाकेच्या अंतरावर.

ज्या जागी दादा पडला तिथे हा दर आठवड्याला काय करतो? काही पुसून टाकतोय? काही शोधतोय? वहिनीला सांगावं असं धाकटीला दोनदा वाटलं. दोन्हीदा फोन हातात घेऊन तिने खाली ठेवला. वहिनी शहानिशा करणार नाही, सरळ निकाल देईल, हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या मंगळवारी पिकअप कोपऱ्यावरून वळली आणि धाकटीने सायकल काढली.

वरचा घाट ती फारसा चढत नसे. पहिला टप्पा कॉफीच्या मळ्यांतला, सावलीचा. तिथे चढ गोड बोलून फसवतो. मळ्याच्या कुंपणाशी रस्ता एकदम ताठ होतो. धाकटी गिअर उतरवत गेली, शेवटचा गिअर संपला तरी चढ संपेना. हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसत होती. डाव्या हाताला दरी उघडली, खाली धरणाचं पाणी आरशाच्या तुकड्यासारखं चमकलं, समोरच्या डोंगरावरून ढगाची सावली सरकत गेली. इथे पाहुणे थांबतात, फोटो काढतात, घर विसरतात. धाकटीने नुसती पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पुन्हा पायडल मारलं. मांड्या पेटल्या होत्या. डोक्यात एकच चाललं होतं: काही निघू नये. आणि लगेच: काही निघालंच तर वहिनीला तोंड कसं दाखवू?

बांबूच्या बनात धुकं होतं. बांबू एकमेकांवर घासून जुन्या दाराच्या बिजागऱ्यांसारखे करकरत होते. दरडीपाशी पिकअप उभी होती, मागची ताडपत्री उघडी, आत कुणी नाही. धाकटी उतरली आणि सायकल हाताने ढकलत पुढे गेली. धुक्यातून मिस्त्रीचा आवाज आला. हळू, पण हुकूम सोडल्यासारखा.

"सोड. अजून सोड."

दोन आकृत्या दिसल्या. एक सायकलवर बसलेली, खांद्याला पट्टा आवळलेला. तो दादा होता. दुसरा मिस्त्री. त्याने मागून दादाची सीट धरली होती आणि तो त्याला उतारावरून त्याच पुलाच्या कठड्याकडे ढकलत होता.

धाकटीच्या हातून सायकल सुटली. ती धावली. "सोड त्याला," ती ओरडली, "हात काढ, हात काढ त्याच्यावरचा."

मिस्त्री दचकून वळला, पण त्याने सीट सोडली नाही. उलट दोन्ही हातांनी धरून, टाचा रोवून सायकल जागीच थांबवली. दादाने पाय टेकले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि दोन्ही मुठी हँडलवर अशा आवळलेल्या होत्या की बोटं आता कुणीतरी सोडवावी लागतील.

"धाकटे," दादा म्हणाला. "तू इथे कशी?"

"तू कसा? तू तर दवाखान्यात व्यायामाला जातोस ना मंगळवारी?"

मिस्त्रीने दादाकडे बघितलं. ते बघणं धाकटीने ओळखलं; हा परवानगी मागत होता.

दादा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. "ब्रेक चांगला होता," तो म्हणाला. "ब्रेकला काही झालं नव्हतं."

"मग तू..."

"मी लावलाच नाही. लागला नाही म्हणालो. लावला नाही." त्याने आपल्या हाताकडे बघितलं. "वळण दिसत होतं. कठडा दिसत होता. बोटं ब्रेकवरच होती. ती हललीच नाहीत गं. त्याच्या आधीही झालं होतं दोनदा, थोडक्यात निभावलं. या उताराची भीती बसलीये मला. का, ते विचारू नकोस, मलाही कळत नाही. कुणाला सांगू? लोक माझ्यामागून डोळे झाकून उतरतात."

"म्हणून याचं नाव घेतलंस?"

"नाव नाही घेतलं मी."

"घ्यायला कशाला हवं होतं?"

दादाने मान खाली घातली. धाकटी मिस्त्रीकडे वळली. "आणि तू? तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," मिस्त्री म्हणाला. "सायकल उचलली, ब्रेक दाबला. घट्ट लागला. कुणीही दाबून बघितला असता तर कळलं असतं, म्हणून कुलूप लावलं. मग याला विचारलं. हा रडला."

"मला सांगायचंस."

"तू तिथल्या तिथे याला फैलावर घेतलं असतंस. आणि हा पुन्हा कधी सायकलवर बसला नसता."

"दुकान बसलं तुझं. लोक काय काय बोलतात. मी... मी रोज ब्रेक दाबून बघत होते, अरे."

"बघितलं मी," तो म्हणाला. "वाईट वाटलं. पण बघायला हवेतच."

धाकटी त्याच्याजवळ गेली, पण हात पुढे करायचं धाडस तिला झालं नाही. आपण ज्याच्या शेजारी झोपत होतो त्याला मनातल्या मनात काय काय करायला लावलं, ते तिला एकेक आठवत होतं. त्याचा राग येत होता आणि स्वतःची शरम वाटत होती. दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं आधी बोलावं ते कळत नव्हतं. शेवटी ती दादाकडेच वळली.

"वहिनीला तू सांगायचंस. आजच."

"धाकटे, जरा बरा होऊ दे..."

"आज. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तुला परवडणार नाही."

तिघं पिकअपमध्ये पुढच्याच बाकावर दाटीवाटीने बसून खाली आले. उताराच्या प्रत्येक वळणावर दादा समोरच्या पत्र्यावर पाय दाबत होता.

वहिनी शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. दादाने सगळं सांगितलं, काही न लपवता. वहिनीने ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि एकेकाकडे बघितलं. आधी दादाकडे, मग मिस्त्रीकडे, शेवटी धाकटीकडे.

"छान बसवलंय," ती म्हणाली.

"काय बसवलंय?" धाकटीने विचारलं.

"तिघांनी मिळून. तुझा नवरा सुटला, धंदा वाचला. आणि हा," तिने दादाकडे हनुवटी केली, "हा म्हणे घाबरतो. माझं लग्न झाल्यापासून हा माणूस कशाला घाबरलेला मी बघितला नाही. तुम्ही सांगता आणि मी मानायचं?"

"अगं, मी स्वतः सांगतोय," दादा म्हणाला.

"तू तर पहिल्या दिवशीही स्वतःच सांगितलंस. त्यातलं खरं कुठलं?"

मिस्त्रीने खिशातून मागच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "सायकल तिथेच आहे. हव्या त्या मिस्त्रीला दाखवा."

वहिनीने किल्लीला हात लावला नाही. "इतक्या दिवसांत ब्रेक बदलायला वेळ मिळाला असेल की," ती म्हणाली, आणि वह्या पुढे ओढल्या.

धाकटीला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. हेच वाक्य दोन तासांपूर्वी तिने स्वतः म्हटलं असतं, याच आवाजात.

त्या मोसमात वरच्या घाटाचे पाहुणे धाकटीच घेऊन गेली. दादा नदीकाठच्या वाटेवर असे. तिथे उतार नाही. पाहुणे त्याच्या गोष्टींवर खूश असत. मंगळवारी दोघं घाटात जातच राहिले, आता उघडपणे. एकदा दादा पुलापर्यंत एकटा उतरला, असं मिस्त्रीने येऊन सांगितलं. नंतरच्या आठवड्यात पुन्हा नाही जमलं. बाजारात दादाने आपणहून दोघातिघांना खरं सांगितलं. काही गिऱ्हाईक परतले, काही नव्या दुकानात रुळले ते रुळलेच.

वहिनी येते, जाते, बोलते. मिस्त्रीला चहा देते. पण दादा सायकलवर कुठे जायला निघाला की ती अंगणात येते, त्याच्या हातातून हँडल काढून घेते आणि दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघते. मिस्त्री समोर उभा असला तरी, आणि तो समोर असला तर जरा जास्तच वेळ.