नागोजीने सोडलेली विमानं

कानडी मुलखातल्या दाजीबानपेठेत नागोजीला सगळे पायलटअण्णा म्हणत, आणि तो खोटं बोलला असं मात्र कुणाला म्हणता आलं नसतं. हवाईदलात विमानं उड्डाणाला तयार करायची फिटरकी संपवून अठ्ठ्याहत्तर साली त्याने खणांचं दुकान टाकलं, तेव्हा शेजारच्या वेंकटेशने विचारलं, तिथं काय करत होतास? नागोजीच्या मनात मराठीत आलं, विमानं सोडत होतो. तोंडातून कन्नडमध्ये निघालं, "विमान बिडतिद्दे." कन्नडमध्ये 'बिडु' म्हणजे सोड, तसंच चालवही. वेंकटेशने वजनदार अर्थ उचलला. नागोजीने तो खाली ठेव म्हटलं नाही. एकवीस वर्षांत त्या शब्दाने त्याला गणपतीच्या मंडपात पहिली खुर्ची दिली आणि पोरीला इंजिनिअर नवरा.

कारगिल संपलं त्या भाद्रपदात त्याच्या स्क्वाड्रनचा छापील इतिहास टपालाने आला. नेमका वेंकटेश दुकानात चहा पीत बसलेला. कव्हरवरचं विमान बघून त्याने तिथंच ठरवून टाकलं की रविवारी व्यापारी संघात अण्णाचा सत्कार, आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणारा आपला जावई अण्णाचं पान वाचून दाखवणार. पोरीच्या सासरच्यांनाही त्यानेच बोलावलं.

नागोजीला जेवण जाईना. नावापुढे 'फिटर' छापलेलं असणारच. पुस्तक हरवलं म्हणावं, तर ते सगळ्या पेठेला ठाऊक झालेलं. तो एकेक ओळ बोटाने धरून वाचू लागला, गिऱ्हाइकाने हिरवा खण मागितला तर लाल काढू लागला.

"काय शोधूलालाय एवढं?" जनाबाईने नवऱ्याला विचारलं. "स्वतःचंच वॉरंट निघाल्यागत?"

शनिवारी शेवटचं पान उलटलं. नाव नव्हतंच. वैमानिकांच्या याद्या होत्या, पदकं होती, एकाहत्तरच्या लढाईत न परतलेल्या विमानावर चार पानं होती. जमिनीवरच्यांना मिळून एक ओळ: त्यांनी अहोरात्र कष्ट घेतले.

म्हणजे सुटका. लढाईतली काही नावं गुप्त ठेवतात म्हटलं, की पेठ मान डोलावणार. पण पुस्तक त्याला मिटवेना. त्या न परतलेल्या विमानाच्या वहीत वैमानिकाच्या आधी, विमान ठीक आहे म्हणून, नागोजीची सही होती. चाकांचे अडसर त्याने ओढले, शिडी त्याने काढली, जा म्हणून अंगठा त्याने दाखवला. आता पायलट म्हणून मिरवायचं, तर तिथं फिटर कोण होता? कुणीच नाही?

रविवारी शाल पडली, हातात नारळ आला. वेंकटेशच्या जावयाने पुस्तक उघडून पान कितवं ते विचारलं. पहिल्या रांगेत व्याही बसलेले. नागोजी उठला.

"पान नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला. "मी फिटर होतो. विमान दुसरे चालवायचे. मी पाठवायचो."

व्याह्यांनी घड्याळ बघितलं. थापा मारण्याला कन्नडमध्ये रेल्वे सोडणं म्हणतात; वेंकटेश तेच धरून म्हणाला, "म्हणजे अण्णा, एवढी वर्षं तू विमान नाही, रैलु बिडतिद्दी." सभा हसली. नागोजी हसला नाही, तसा वेंकटेशही थांबला.

"लढाईत किती पाठवलीस?"

"एकेचाळीस."

"आली किती?"

"चाळीस."

वेंकटेशने जावयाच्या हातातलं पुस्तक मिटवलं. "मग राहिलेल्या त्या एकाचं सांग."

नागोजीने तोंड उघडलं, आणि 'ते मीच सोडलं' हे कोणत्या भाषेत सांगावं तेच त्याला सुचेना.