अंगठ्याखालची हवा

मित्रांनो, जवळ या. पण खिशात कर्कटक किंवा टोक काढलेली पेन्सिल असेल तर ती आधी लांब ठेवा. माझी तब्येत नाजूक आहे. मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली जुनी ट्यूब. अकोले गावाच्या वरच्या अंगाला, प्रवरेच्या काठावर, जांभळाच्या झाडाला ठोकलेल्या खिळ्यावर मी लटकते. सध्या माझ्यात हवा नाही, त्यामुळे बोलणं जरा चपटं वाटेल. एरवी फुगवून सांगणं हा माझा जन्मजात स्वभाव. ट्यूबच मी, दुसरं काय करणार?

कारखान्यात मला पहिल्यांदा हवा भरली, तेव्हा मी वर गेले ती थेट छपराला टेकले. चार दांडगी माणसं माझ्यावर बसली तेव्हा कुठे खाली आले. खोटं वाटत असेल तर त्या माणसांना विचारा. ती कुठे राहतात ते मात्र मला विचारू नका.

पुढे मी उसाच्या ट्रॅक्टरला लागले. एकदा चढावर इंजीन बंद पडलं आणि ड्रायव्हर टपरीवर चहाला गेला. मी कंटाळले आणि भरलेली ट्रॉली एकटीनं साखर कारखान्याच्या दारापर्यंत ओढत नेली. ड्रायव्हर अजून चहाच पितो आहे म्हणे. अशा कष्टांत काटे, खिळे, काचा लागायच्याच. शेवगावच्या स्टँडामागे अजिनाथ पंक्चरवाला होता. तो मला पाण्याच्या टबात बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते बघायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"आरं, आता ठिगळाला ठिगळ लावू का? ही ट्यूब न्हाई राहिली, गोधडी झाली गोधडी!"

शेवटी त्याच्याकडूनच मला सहादेवाने उचललं आणि नदीवर आणलं. सहादेव सुट्टीतल्या पाहुण्यांना कॅनूतून फिरवायचा. कॅनू म्हणजे लांबट, निमुळती, हलकी होडी. वल्ह्याने चालवायची. तुम्ही कललात की तीही कलते, तिला स्वतःचं मत नसतं. खाली बंधारा आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही इथे पाणी तुंबून राहतं, हिरवं, गार आणि शहाण्या मुलासारखं शांत. मला तो कॅनूच्या मागे दोरीने बांधायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "या ट्यूबनं पुरात बैलजोडी वाचवलीय, पाव्हणं!" मी मनात म्हणायचे, नुसती बैलजोडी नव्हे, बैलगाडीसुद्धा. आणि गाडीत बसून एक हत्ती आला होता, तो वेगळाच.

त्याची मुलगी निकिता मात्र असल्या गोष्टींना हसायची नाही. ती नारिंगी जाकिटं वाळवायची, त्यांची बकलं ओढून बघायची. "आण्णा, ट्यूब म्हणजे जाकीट न्हाई," असं ती कितीदा तरी म्हणाली असेल. मला तेव्हा तिचा राग यायचा.

आता पुढचं ऐका. एका मे महिन्यात पाथर्डीकडून तिघं आली. कानिफनाथ, त्याची थोरली बहीण लंकाबाई आणि कानिफनाथाची मुलगी संस्कृती. संस्कृती पाचवीतून सहावीत गेलेली, काडीसारखी, बोलकी. उन्हाळ्यात भरलेली नदी त्यांच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. लंकाबाई काठावर बसून नुसती पाण्याकडे बघत होत्या.

"एवढं पाणी, आन् कोन राखन करायला न्हाई?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं असतं तर कुलूप घातलं असतं."

"अक्का, चल, कॅनूत बसू," कानिफनाथ म्हणाला.

"कानू? आरं, घरात एक कानू हाय त्योच सांभाळंना, आता ही दुसरी कानू कशाला?"

कानिफनाथाला घरी कानूच म्हणत, त्यामुळे सगळे हसले. सहादेव तर मांडीवर थाप मारून हसला. त्या हसण्यातच जाकिटांचं राहून गेलं. कानिफनाथाने घातलं, पण बकल लावलं नाही. लंकाबाई म्हणाल्या, "ह्यात जीव उकडून जाईल माजा," आणि त्यांनी ते घडी करून बुडाखाली घेतलं. संस्कृतीला सगळीच जाकिटं मोठी होत होती, खांद्यावरून वर सरकून कानांना लागत होती.

"लहान जाकीट घरी राहिलंय. मी पळत जाऊन आणते," निकिता म्हणाली.

"आगं, आता कशाला पळतीस?" सहादेव म्हणाला. "ट्यूबीत बसव पोरीला. बैलजोडी वाचवलेली ट्यूब हाय ती!"

आणि मी, मित्रांनो, अशी काही फुगले की ठिगळं ताणली गेली. निकिता तरीही घराकडे पळाली. सहादेव काठावरच थांबला, वल्हं कानिफनाथाने घेतलं. कॅनू निघाली, मी मागे, आणि माझ्यावर पाय पाण्यात सोडून संस्कृती.

थोडा वेळ फार सुखाचा गेला. कानिफनाथ वल्हं मारायचा आणि कॅनू गोल फिरायची. लंकाबाई ओंजळीने पाणी घ्यायच्या आणि परत नदीतच ओतायच्या, सांडू नये म्हणून. तेवढ्यात वरच्या बाजूला भोंगा वाजला.

वरच्या धरणातून शेतीसाठी पाणी सोडतात, त्याच्या आधी हा भोंगा होतो. इकडची शेंबडी पोरंसुद्धा तो ऐकला की कपडे गोळा करून काठ चढतात. सहादेव काठावरून दोन्ही हात हलवत ओरडला, "पाणी सुटलं! पाणी सुटलं!"

आणि लंकाबाईंनी हात जोडले.

"आलं गं बाई! कानू, पाणी सुटलं म्हनं!"

कारण त्यांच्या गावात हॉर्न वाजतो तो टँकरचा. तो वाजला की हातातलं काम टाकून, घागर उचलून, पाण्याच्या दिशेने धावायचं असतं. जो मागे राहिला तो कोरडा राहिला. तिघांच्या अंगात तेच भिनलेलं. "पाणी सुटलं" या दोन शब्दांना घाबरायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार? कानिफनाथाने कॅनूचं तोंड वळवलं ते काठाकडे नाही. वरच्या अंगाला, येणाऱ्या पाण्याकडे! संस्कृती माझ्यावर टाळ्या पिटत होती. सहादेवाचा आवाज फाटला होता आणि हे लोक त्याला हात करत होते.

मी ओरडले असते. पण ट्यूबला तोंड एकच, आणि त्याला झाकण लावलेलं.

आधी पालापाचोळा आला, मग फेस आणि प्लास्टिकच्या बाटल्या. आणि मग नदीच उठून चालायला लागली. कॅनू आडवी झाली आणि काठाच्या करंजावर जाऊन आदळली. कानिफनाथ आणि लंकाबाई फांदीला लोंबकळले. कानिफनाथाचं उघडं जाकीट हातांतून निसटून वाहून गेलं. लंकाबाईंच्या बुडाखालचं तर कधीच गेलं होतं. दोरीला हिसका बसला, ती तुटली आणि मी सुटले, संस्कृतीला घेऊन.

"आत्या! ए आत्या!"

"पोरीला धरा रं कुनीतरी!" लंकाबाईंची ती किंकाळी मी अजून ऐकते.

एक बाभळीची फांदी मला घासून गेली, काट्याने जुनं ठिगळ उचललं, आणि मला ऐकू आलं... फुस्स.

मित्रांनो, तो आवाज माझाच होता. मी दम धरला. मी मनात हत्ती आठवला, बैलजोडी आठवली, छपराला टेकले होते ते आठवलं. त्यातलं काहीही उपयोगाला येईना. हत्ती कधी नव्हताच, बैलही नव्हते. एक भोक होतं, एक पोर होती, आणि पुढे बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज. मी मऊ होत चालले. ती खाली सरकत होती. पाणी तिच्या छातीला आलं, मग खांद्याला.

आणि मग तिने काय केलं माहीत आहे? तिने भोक शोधलं आणि त्यावर अंगठा दाबला. टँकरच्या पाइपाला गळती लागली की पोरं दाबतात तसा, घट्ट, नख पांढरं होईपर्यंत. थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. माझा आवाज थांबला. अजिनाथाने इतकी ठिगळं लावली, पण असं ठिगळ मला कुणी लावलं नव्हतं.

बंधारा जवळ आला. त्याच्या अलीकडच्या खडकावर, भोंगा ऐकून घरातून थेट तिकडेच धावलेली निकिता उभी होती. स्वतःचं जाकीट बकलं लावून घातलेलं, दोरीचं एक टोक झाडाला बांधलेलं आणि दुसऱ्या टोकाला ते लहान जाकीट. तिने ते फेकलं. लांब पडलं. तिने ओढून घेतलं आणि परत फेकलं, ते बरोबर संस्कृतीच्या समोर.

"ट्यूब सोड! दोन्ही हात जाकिटात घाल!"

"न्हाई सोडनार! हवा जाईल!"

"जाऊ दे हवा! सोड!"

"बुडंल ही!"

ही म्हणजे मी. मरणाच्या दारात ती पोर माझी काळजी करत होती! मला म्हणायचं होतं, बाळे, सोड मला. मी बैल वाचवले नाहीत, मी कुणालाच वाचवलं नाही, माझ्या भरवशावर राहू नकोस. आयुष्यभर इतकं बोलले, आणि जे एकच खरं वाक्य बोलायचं होतं ते बोलायला मला तोंड नव्हतं. मी फक्त थरथरले.

"संस्कृती! माझ्याकडं बघ! सोड!"

तिने अंगठा उचलला.

फुस्स...

तिचे हात नारिंगी जाकिटात शिरताना मी पाहिले. दोरी ताणली गेली, ती उलट्या अंगाने काठाकडे ओढली गेली. एवढंच पाहिलं आणि मी बंधाऱ्यावरून खाली गेले.

पाणी ओसरल्यावर मी खालच्या खडकांत सापडले, फडक्यासारखी. सहादेवाने मला उचलून आणलं. त्याआधी त्याने जाकीट चढवून, दुसरी दोरी कमरेला बांधून करंजापर्यंत जाऊन त्या दोघांना बाहेर काढलं होतं. लंकाबाई लेकीसारख्या भाचीला कवटाळून बसल्या होत्या. सहादेव समोर गेला तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, पानी सुटलं म्हनल्यावर पळायचं का नाचायचं, ते आदी सांगायचं व्हतं."

त्या दिवसापासून सहादेव बैलजोडीची गोष्ट सांगत नाही. कॅनूला हात लावण्याआधी तो पाहुण्यांना भोंगा म्हणजे काय ते सांगतो, तो वाजला तर कुठल्या बाजूने काठ चढायचा ते दाखवतो. निकिता एकेकाचं बकल ओढून बघते. ज्याच्या मापाचं जाकीट नाही त्याने काठावर बसून जांभळं खायची. कुणी रुसलं तर रुसू देते. संस्कृती घरी गेल्यावर टँकरचा हॉर्न वाजला की आधी बांधावर चढते, मागे वळून बघते आणि मगच घागर घेऊन धावते, असं कानिफनाथ फोनवर सांगत होता.

तर मित्रांनो, सुट्टीत नदीवर याल. जरूर या. पाणी शांत दिसतं म्हणून ते तसंच राहील असं समजू नका. जाकीट बसायला नसतं, घालायला असतं, आणि बकल लावलं तरच ते जाकीट असतं. भोंगा वाजला की नदीकडे पाठ करा. माझ्या गोष्टीतला हत्ती वजा करा, बैलजोडी वजा करा, चहा पिणारा ड्रायव्हरही वजा करा. तो अंगठा तेवढा ठेवा.

तुमच्यातला कुणीतरी मला या खिळ्यावर बघेल आणि सहादेवाला विचारेल, "काका, हिच्यात हवा भरू का?"

नका भरू. माझ्याने राहवणार नाही, मी पुन्हा फुगेन.