चौसष्ट घड्यांचा फिल्टर

“जगात माणसांचे दोनच प्रकार. गाळणारे आणि गाळ,” दिनानाथकाका म्हणाले आणि मिशीत अडकलेली चहाची पत्ती त्यांनी बोटाने काढून बशीत ठेवली.

सभेची सुरुवात अशी झाली. सभा म्हणजे घरचीच पाच माणसं, दुर्गाघाटावरच्या घराची गच्ची, सकाळचे दहा, आणि मधे पाटावर वर्तमानपत्र पसरून मांडलेले तीन ऑइल फिल्टर. इंजिनातलं तेल गाळणारा हा पत्र्याचा डबा पाणी प्यायच्या भांड्याएवढा असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. काकांनी मात्र रेल्वेच्या इंजिन कारखान्यात एकतीस वर्षं फिल्टरच तपासले होते. सकाळी पौरोहित्य, नंतर फिल्टर. दोन्हीकडे त्यांच्या तोंडून ‘चालेल’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

प्रकरण असं होतं. काकांचा पुतण्या मोहन, वय चौतीस, काकांच्या नावावरची गाडी चालवून महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांना प्रयाग-गया घडवत असे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने गाडीला नवा फिल्टर बसवला. नवव्या दिवशी गोपीगंजजवळ, चार यजमान गाडीत असताना, इंजिन जाम झालं. मेकॅनिकने फिल्टर काढून पिशवीत घालून दिला आणि गाडी ओढून नेली. काकांचे जावई निमिषराव बँकेत अधिकारी. त्यांचं म्हणणं, मोहनने नकली फिल्टर बसवला. ते सिद्ध झालं तर गाडीची किल्ली निमिषरावांकडे जायची होती आणि मोहनला परत घाटावर बसायचं होतं.

घाटावर तो आधी अकरा वर्षं बसला होता. शेजारच्या पंचगंगा घाटावर, काकांच्या छत्रीखाली. संकल्प सांगताना तो अडखळायचा. मग काका डोळे मिटूनच यजमानांसमोर म्हणायचे, “पुन्हा.” तो पुन्हा सांगायचा, पुन्हा अडखळायचा. यजमानांची मुलं हसायची. एकदा एक यजमानीण स्वतःच त्याला पुढचा शब्द सांगून गेली, ते काकांनी आठवडाभर घरी सगळ्यांना ऐकवलं. गाडीत त्याला ‘पुन्हा’ म्हणणारं कुणी नव्हतं, आणि यजमानांच्या मते गाडीत तो घडाघडा बोलत असे.

लोखंड कापायची करवत मोहननेच आणली होती. कापायचंही त्यालाच सांगितलं. निमिषराव मोबाइलवर चित्रण करत होते.

पहिला डबा शोरूममधला, निमिषरावांनी तुलनेसाठी आणलेला. मोहनने तो कापला. काकांनी लोहचुंबकाने पत्र्याचा चुरा उचलला, आतल्या कागदाच्या पंख्यासारख्या घड्या मोजल्या. पंचावन्न. दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. इंजिन बंद झाल्यावर तेल मागे जाऊ नये म्हणून आत रबराचा पडदा असतो, तो मऊ. काका म्हणाले, ठीक.

दुसरा फुटपाथवरचा, निमिषरावांनी शोधून शोधून आणलेला सगळ्यात भिकार. घड्या एकतीस, त्याही म्हाताऱ्या कंगव्याच्या दातांसारख्या लांब लांब. टोप्या पुठ्ठ्याच्या. डिंक एका बाजूला ढीगभर, दुसऱ्या बाजूला नाहीच. काकांनी पुठ्ठा नखाने सोलला.

“हा बघा मोहन,” ते म्हणाले. “वरून पत्रा, आत पुठ्ठा.”

सगळे हसले. मोहनची आई कालिंदीबाईसुद्धा हसल्या. नवरा गेल्यापासून त्या दिरांच्या दोन खोल्यांत राहतात; त्यांना हसू लवकर येतं.

रंगात आलेल्या काकांनी मग कारखान्यातली गोष्ट सांगितली. एकदा चारशे फिल्टरांची खेप आली. एका फिल्टरच्या आत त्यांना पाण्याचा थेंब दिसला. एकच थेंब. कागद ओला झाला की फुगतो आणि फुगला की मेला. त्यांनी चारशेच्या चारशे परत पाठवले. ठेकेदार पाया पडला, रडला, त्याच्या मुलीचं लग्न होतं. काका त्याला म्हणाले होते, फिल्टरला मुलगी नसते.

प्रेमलाकाकूंनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. त्यांनी सगळ्यांना दुसरा चहा दिला. मोहनला पहिलाही दिला नव्हता.

आता तिसरा. मोहनच्या गाडीतला, काळ्या तेलाने माखलेला. मोहनने करवत लावली. निमिषरावांनी मोबाइल हातापाशी नेला. डबा उघडला. काकांनी घड्या मोजल्या. मग परत मोजल्या. तिसऱ्यांदा निमिषरावांनी मोजल्या आणि त्यांचाही आकडा चौसष्टच आला. टोप्या पत्र्याच्या, मधली नळी पोलादी, पडदा शोरूमच्याहून मऊ, डिंक सगळीकडे सारखा. काकांनी डबा खाली ठेवला, परत उचलला. पण एकतीस वर्षांची सवय.

“हा उत्तम आहे,” ते म्हणाले. “तिन्हींत उत्तम.”

मोहनने पहिल्यांदा मान वर केली. काकूंनी चहाचा एक कप त्याच्याकडे सरकवला.

तेवढ्यात काकांच्या बोटाला घड्यांमध्ये काहीतरी लागलं. त्यांनी ते ओढून काढलं, वर्तमानपत्रावर पुसलं. तुळशीची मंजिरी होती.

इथे एक सांगायला हवं. या घरात कुठलीही नवी वस्तू पंचामृताने न्हाऊ घातल्याशिवाय वापरात येत नाही. कुकर न्हाला, मोबाइल न्हाला, इन्व्हर्टर न्हाला आणि तो तेव्हापासून जिन्याखाली शांत आहे. गाडीची अडचण अशी की दुर्गाघाटाच्या गल्लीत सांड आला तरी माणसाला भिंतीला चिकटावं लागतं; गाडी यायची कुठून. पण पूजेत जे मिळत नाही त्याच्या जागी अक्षता चालतात, तसा गाडीच्या जागी तिचा नवा कोरा फिल्टर दसऱ्याला घरी आला. काकांनी त्याला ताम्हनात बसवलं, बाजूच्या भोकात तुळस घातली आणि मधल्या भोकातून दोन पळ्या पंचामृत सोडलं. बाजूच्या भोकांतून गेलेलं सगळं कागदातून गाळून निघतं. मधल्या भोकातून गेलेलं थेट इंजिनात जातं. फिल्टरने तुळस अडवली होती. मध, साखर आणि दही अडवायची त्याला संधीच नव्हती.

गच्चीवर सगळ्यांना सगळं आठवलं. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

“काका, मी त्या दिवशी बो... बोललो होतो,” मोहन म्हणाला. “आत ओ... ओलं नको म्हणून.”

काकांनी डोळे मिटले.

“पुन्हा.”

मोहनने पुन्हा सुरुवात केली. या वेळी ‘काका’वरच अडकला. निमिषरावांचं चित्रण चालूच होतं.

“फिल्टर उत्तम,” काका डोळे मिटूनच म्हणाले. “तुळस आपल्या कुंडीतली. पंचामृत माझ्या हातचं. या तिघांत दोष नाही. मग उरलं कोण?”

उरलेला माणूस करवत हातात धरून उभा होता. त्याने फिल्टर रात्रभर पालथा ठेवला होता, पण पुसला नव्हता. तीर्थ पुसायचं नसतं, असं काकांनीच त्याला दरडावलं होतं. हेही सगळ्यांना आठवलं.

“पंचामृत आम्ही सगळ्यांनी घेतलं त्या दिवशी,” कालिंदीबाई हळूच म्हणाल्या. “कुणाला काही झालं नाही.”

मोहनने आईकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून पाटावर ठेवली. काकूंनी त्याच्यापुढचा भरलेला कप उचलून आत नेला.

निमिषरावांनी किल्ली घेतली, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि इंजिन दुरुस्त झालं की नवा फिल्टर आधी घरी आणू, यथासांग पूजा करू, असा शब्द दिला. काकांचे डोळे पाणावले. मग जिना उतरता उतरता निमिषराव फोनवर मेकॅनिकशी बोलले, ते वर सगळ्यांना ऐकू आलं.

“फिल्टर वहीं लगा देना भैया. घर मत भेजना.”

काका मंजिरी उन्हात धरून बघत होते. ती त्यांनी कपाळाला लावली आणि कुंडीत टाकली. मोहन वर्तमानपत्र गुंडाळत होता.

“उद्या पाचला पंचगंगेवर ये,” ते त्याला म्हणाले. “आणि येताना एक चहाची गाळणी आण. आमची फाटली आहे. जरा बारीक जाळीची बघ.”