कागदावरचा पाय

माणसाचा जोडा हातात घेतला की मला त्याचा स्वभाव कळतो. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली असली तर माणूस हट्टी, आतल्या बाजूने झिजली असेल तर भित्रा. माझी स्वतःची टाच आतून झिजते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको.

मी क्लिओफस डॉकिन्स. जॉर्जियातल्या मर्सर्स फेरी गावात, रुळांच्या अलीकडे, माझं जोडे दुरुस्तीचं दुकान आहे. अलीकडे म्हणजे आम्हा काळ्यांच्या बाजूला. जोडे विकायचं दुकान पलीकडे, हॅस्कलसाहेबांचं. तिथला नियम साधा होता: काळ्या माणसाने पैसे द्यावेत, जोडा उचलावा आणि घरी जावं. खुर्चीवर बसायचं नाही आणि जोडा पायात घालून बघायचा नाही. आमचा पाय एकदा आत गेला की तो जोडा म्हणे गोऱ्या माणसाला विकता येत नाही.

म्हणून आम्ही पाय घरी ठेवून कागद घेऊन जायचो. वाण्याकडची तपकिरी पिशवी फाडायची, तिच्यावर उभं राहायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि कातरीने तो आकार कापायचा. दुकानातली मुलगी तो कागद जोड्याच्या तळाला लावून बघे आणि अंदाजाने डबा काढून देई. पण कागदाला चवड्याची उंची नसते, अंगठ्याशी वाढलेलं हाड नसतं, कुरूप तर नसतंच. त्यामुळे नवे जोडे चावायचेच. मग लोक ते माझ्याकडे आणत आणि मी ते लाकडी कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवून दोन दिवस ताणून देई. माझ्या भिंतीवर अशी बावीस कलबुतं टांगलेली होती. म्हणजे हॅस्कलसाहेबांनी घट्ट विकायचं आणि मी सैल करून द्यायचं, असा आमचा दोघांचा मिळून धंदा चालला होता. हे माझ्या डोक्यात शिरायला तीस वर्षं लागली.

माझ्या बायकोचा, ऑर्डेलियाचा, पाय मात्र मीच आखायचो. दर ईस्टरच्या पंधरा दिवस आधी, स्वयंपाकघरात. ती एका हाताने टेबल धरून कागदावर उभी राहायची आणि मी गुडघे टेकून तिचा घोटा धरायचो. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागाशी आली की तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती माझ्या डोक्यात टपली मारायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "क्लिओ, जरा बेतानं काढ हं. आई म्हणायची, पोरीचे पाय आहेत की होड्या." नवीन लग्न, लाडकी बायको. मी पेन्सिल जराशी आत कलवली. मग अठ्ठावीस वर्षं तशीच कलवत राहिलो.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असायची. संध्याकाळी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसली की म्हणायची, "देवानं गळा चांगला दिला, पण पाय देताना हात आखडता घेतला." मी मुकाट्याने पाणी गरम करून द्यायचो. पेन्सिलीबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. तुम्ही विचाराल, स्वतः या धंद्यात असून बायकोला जोडे का शिवले नाहीस? एकदा शिवले होते. ते घालून ती फक्त कोंबड्यांना दाणे टाकायला जायची.

ही गोष्ट एकोणीसशे बासष्टच्या ईस्टरची. ऑर्डेलिया कागद घेऊन पलीकडे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. तिने मला मक्याची भाकरी आणि कॉलर्डच्या पानांची भाजी वाढली.

"जोडे कुठायत?" मी विचारलं.

"नाही घेतले. खुर्चीवर कुत्रं बसलं होतं."

"कुत्रं?"

"न्यायाधीशाच्या बायकोचं. पांढरं, केसाळ. ती जोडे घालून बघत होती आणि ते शेजारच्या खुर्चीवर. मी कागद घेऊन वीस मिनिटं उभी. पाय ठणकत होते रे. शेवटी मी म्हटलं, हॅस्कलसाहेब, हे कुत्रं उठलं की मी जरा टेकू का? तर हसला. म्हणाला, ऑर्डेलिया, तुला नियम ठाऊक आहे, तू शहाणी बाई आहेस."

"मग?"

"मग काय. शहाणी बाई घरी आली."

तिने पर्समधून तो कागदाचा पाय काढला आणि चुलीत टाकला. "यापुढे माप घ्यायचं तर माझ्या पायाचं घ्यायचं. कागदाचं नाही."

"अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत," मी म्हणालो.

"ते अंथरूण आखूड कुणी शिवलं, ते बघ आधी. आणि पायांच्या गोष्टी तू मला सांगू नकोस."

पेन्सिल आठवून मी नको असताना आणखी भाजी वाढून घेतली.

बुधवारी चर्चच्या तळघरात बायका ईस्टरच्या जेवणाचं ठरवायला जमल्या. मी मोठं पातेलं पोचवायला गेलो आणि मुद्दाम रेंगाळलो. ऑर्डेलियाने कुत्र्याची हकिगत सांगितली. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या, कारण ती खुर्ची प्रत्येकीला ठाऊक होती. मग ती म्हणाली, "यंदा त्याच्याकडून कुणीही ईस्टरचे जोडे घ्यायचे नाहीत. बसवून माप घेत नाही तोवर नाहीत."

"म्हणजे ईस्टरला जुने जोडे घालायचे?" एकीने विचारलं.

"जुनेही नाही. तेही त्याच्याच दुकानातले. घरातल्या सपाता घालून यायचं."

आमच्याकडे ईस्टर म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या बोलण्याचं वजन कळेल. वर्षभर दुसऱ्यांच्या घरी फरशा पुसणारी बाई त्या दिवशी राणी असते. डोक्यावरच्या टोपीपासून जोड्याच्या टोकापर्यंत एक रंग. त्यात सपाता?

सगळ्यांनी टेम्पी आजीकडे पाहिलं. वय चौऱ्याऐंशी. तिने होकार दिला नाही तर आमच्या चर्चमध्ये घंटासुद्धा वाजत नाही. आजीने बराच वेळ काठी फिरवली.

"माझ्या सपाता गुलाबी आहेत," ती म्हणाली. "आणि टोपी घेतलीय पिवळी. शोभायचं नाही ते."

तिने काठी जमिनीवर टेकवली.

"टोपी बदलते," आजी म्हणाली, आणि ठरलं.

अशी गोष्ट गावात दडून राहत नाही. शुक्रवारी हॅस्कलसाहेब स्वतः माझ्या दुकानात आले. त्यांच्या गोऱ्या गिऱ्हाइकांचे दुरुस्तीचे जोडे माझ्याकडे यायचे. अर्धं दुकान त्यावरच चालायचं.

"क्लिओफस, तुझ्या बायकोच्या डोक्यात कुणी काय भरवलंय? तू समजूतदार माणूस आहेस. बोल तिच्याशी."

तीस वर्षांचं साठलेलं बोलणं माझ्या पोटात होतं. तोंडातून आलं, "हो साहेब. बोलतो."

तरीही जाताना ते दुरुस्तीच्या जोड्यांचं पोतं उचलून घेऊन गेले.

घरी येऊन मी ऑर्डेलियाला सगळं सांगितलं. ती टोपीला फीत शिवत होती. "मग बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"त्याला म्हणालास ना, बोलतो म्हणून. बोल, मी ऐकतेय."

मी टोपीची फीत सरळ करू लागलो. तिने सुई बाजूला ठेवली. "हे बघ क्लिओ, भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मीही भितेय. तू रविवारी जोडे घालून ये. मी रागावणार नाही, खरंच."

तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. रागावणार नाही म्हणाली, ते मला फार लागलं.

ईस्टरच्या सकाळी ती बायकांबरोबर लवकर निघून गेली. मी जोड्यांना पॉलिश केलं. तोंड दिसेल इतकं केलं. मग पलंगाच्या काठावर बसून त्यात दिसणारं ते तोंड बघत राहिलो, आणि मला ते आवडलं नाही. पलंगाखाली पाय घातला. माझ्या सपाता फाटक्या, उजव्या पायाचा अंगठा बाहेर येतो. त्याच घातल्या.

आमच्या चर्चची जमीन लाकडी आहे. दर ईस्टरला नव्या टाचांचा असा टकटकाट होतो की रेव्हरंडना थांबावं लागतं. त्या दिवशी मी आत शिरलो तर पायांचा आवाजच नाही. दीडशे माणसं. टोप्या, हातमोजे, गळ्यात मोत्यांच्या माळा, कडक इस्त्रीचे सूट आणि खाली सपाता. लोकरीच्या, कापडी, कुणाच्या ठिगळ लावलेल्या. टेम्पी आजी पहिल्या बाकावर, नखशिखान्त गुलाबी. ऑर्डेलिया गाणाऱ्यांच्या ओळीत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या अंगठ्याकडे, आणि हातमोज्याने तोंड झाकून घेतलं. नंतर ती जी गायली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

प्रार्थना संपल्यावर आम्ही मुद्दाम रूळ ओलांडून, पलीकडच्या मोठ्या रस्त्याने वळसा घेऊन घरी गेलो. घोषणा नाही, फलक नाही. गोरे लोक त्यांच्या चर्चमधून बाहेर पडत होते, त्यांत हॅस्कलसाहेब आणि त्यांचं कुटुंबही. त्यांच्यासमोरून आम्ही सप सप सप करत गेलो. माझा अंगठा सपातेबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

हे एका रविवारात संपलं नाही. एप्रिल गेला, मे गेला. दर रविवारी सपाता. एका संध्याकाळी चर्चचे खजिनदार पर्व्हिस मागच्या दाराने आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले करकरीत नवे जोडे घेऊन.

"चावतायत रे. जरा ताणून दे, गुपचूप."

"कलबुतं काढून टाकली," मी म्हणालो. खरोखरच काढली होती. भिंतीवर नुसते खिळे राहिले होते.

"आपल्या माणसाला नाही म्हणतोस?"

"पर्व्हिसभाऊ, जोडे परत करा. परत घेत नसतील तर कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवा. अंडी घालतील."

ते फणकारत गेले. त्या दिवशी झोपण्यापूर्वी मी माझी टाच उलटी करून पाहिली. एवढ्यात काय झिजणार, पण पाहिली.

ऑगस्टमध्ये हॅस्कलसाहेबांच्या काचेवर कार्ड लागलं: सर्व गिऱ्हाइकांना बसवून माप घेतलं जाईल. पहिल्या दिवशी ऑर्डेलिया गेली. निळी टोपी, हातमोजे, पायांत सपाता. बरोबर मी. तिने खुर्चीवरून रुमाल फिरवला, कुत्र्याचे केस असल्यासारखा, आणि बसली. दुकानातली मुलगी म्हणाली की ती हे करणार नाही, आणि मागच्या खोलीत निघून गेली. तेव्हा हॅस्कलसाहेबांनाच लोखंडी मापपट्टी घेऊन खाली बसावं लागलं.

"पाय इथे ठेवा, मिसेस डॉकिन्स," ते जमिनीकडे बघत म्हणाले. इतक्या वर्षांत तिचं हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं.

तिने ठेवला. त्यांनी पट्टी सरकवली. "साडेनऊ. रुंद."

ऑर्डेलिया जन्मभर आठ नंबर घालत आली होती.

"परत बघा," ती म्हणाली.

त्यांनी परत बघितलं. साडेनऊच. काळा, साधा जोडा आला. तिने घातला, उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि थांबली. मला वाटलं, टोचलं काहीतरी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"क्लिओ," ती हळूच म्हणाली, "माझ्या पायांत खोट नव्हतीच रे."

बाहेर आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. पहिल्या वर्षीची पेन्सिल, नंतरची पेन्सिल, मिठाच्या पाण्याजवळ गिळलेले शब्द, सगळं. ती ऐकत चालत होती.

"अठ्ठावीस वर्षं?" तिने विचारलं.

"हो."

"गाढव आहेस." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पेन्सिल तुझी वाकडी होती, ते खरं. त्याचं मी बघून घेईन घरी. पण मला त्या कागदावर उभं तू नव्हतं केलंस."

आमच्या घराचं वळण आलं. नव्या जोड्यांत ती कधी या वळणापर्यंतही पोचायची नाही, आधीच काढून हातात घ्यायची. आज तिने वळणाकडे पाहिलंही नाही. सरळ पुढे निघाली, गिरणीच्या रस्त्याने, हात हलवत, पोरीसारखी. मी मागे. गिरणीपर्यंत कसाबसा टिकलो.

"डेलिया, थांब," मी हाक मारली. "जोडे चावतायत."

ती वळली. मी कुंपणाला टेकून एक जोडा काढला होता. हॅस्कलच्याच दुकानातला, कागदावरून आणलेला. बायकोचं माप व्हायचं म्हणून सकाळी पॉलिश करून घातला होता. स्वतःच्या पायाचं माप घ्यावं, हे त्या दुकानात उभा असताना माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती परत आली, खाली वाकली आणि माझा घोटा धरला. अंगठ्याला फोड आला होता.

"तुझा नंबर किती?" तिने विचारलं.

मी पंचावन्न वर्षांचा. मला सांगता येईना.

"उद्या," ती म्हणाली, आणि माझे जोडे हातात घेऊन चालू लागली.